कलिंगडाचे तीन शिक्के

हिनोसे गावच्या ग्रंथालयाचं महिन्याचं पत्रक चिसातो कुवाबारा एकटीच लिहायची. एका कागदाची घडी, चार पानं. ते घरोघरी पोचायचं आणि बहुतेक घरांत त्यात भाजी गुंडाळली जायची, हे तिला ठाऊक होतं. तरी ती प्रत्येक ओळ दोनदा वाचून मगच छापायला सोडायची. ऑगस्टच्या पत्रकात पोरांसाठी नेहमीचंच होतं: सकाळी साडेसहाला अंगणात रेडिओवरची कवायत, शुक्रवारी भुतांच्या गोष्टी, शाळेने सुट्टीत लिहायला दिलेल्या निबंधांसाठी मदत, आणि विसरलेल्या छत्र्यांची यादी. शेवटच्या पानावर मात्र यंदा एक नवी चौकट होती. 'गारवा कार्ड. वय पंचाहत्तरच्या पुढच्यांसाठी.' ही चिसातोच्या स्वतःच्या डोक्यातून आलेली गोष्ट, आणि तिचा तिला अभिमान होता. तो अभिमान पुढे किती महाग पडणार होता हे तेव्हा कुणाला कळणार?

हिनोसे चारी बाजूंनी डोंगरांत बसलेलं. ऑगस्टात तिथली हवा हलत नाही. मागच्या उन्हाळ्यात दोन म्हातारे आपापल्या घरात उष्म्याने गेले, तेव्हा नगरपालिकेने जाहीर केलं की दुपारी ग्रंथालयाचा ए.सी. सगळ्यांसाठी आहे, येऊन बसा. दारावर कागद चिकटवला. कुणी आलं नाही. काम नसताना दुसऱ्याच्या गारव्यात जाऊन बसायचं म्हणजे फुकटेपणा, असं या गावची म्हातारी माणसं समजतात. "आम्ही काय बर्फावर ठेवायचे मासे आहोत?" असं फुसाए इनागाकींनी चिसातोला तोंडावर विचारलं होतं.

मग चिसातोला कवायतीची कार्डं आठवली. सुट्टीत पोरं गळ्यात कार्ड अडकवून कवायतीला येतात, रोजचा एक शिक्का घेऊन जातात. त्या कार्डावर एकही चौकोन रिकामा राहिलेला या गावात कुणाला सहन होत नाही. ही सगळी म्हातारी माणसं साठ-सत्तर वर्षांपूर्वी तशीच कार्डं अडकवून धावत आलेली. तिने त्यांच्यासाठीही कार्ड काढलं, कलिंगडाच्या फोडीचा शिक्का करून घेतला, आणि पत्रकात लिहिलं की ज्यांचं कार्ड पूर्ण भरेल त्यांचा फोटो सप्टेंबरच्या अंकात येईल. आठवड्यात तेवीस जण आले. गारव्याला लाजणारी माणसं शिक्क्यासाठी भर उन्हात चढ उतरून आली.

शिक्क्यामागचं खरं काम वेगळं होतं. संध्याकाळी कार्डं परत देण्याआधी चिसातो त्यांवरून वहीत गोल काढायची. ज्याच्या नावापुढे दोन दिवस गोल नाही त्याच्या घरी नगरपालिकेचा माणूस जाऊन दार ठोठावणार, असं ठरलेलं. हे पत्रकात लिहिलं नव्हतं. आपल्यावर लक्ष ठेवलं जातंय हे कळलं असतं तर तेवीसच्या तेवीस घरी बसले असते.

फुसाएआजी चौऱ्याऐंशीच्या. नवऱ्याबरोबर चाळीस वर्षं केस कापायचं दुकान चालवलेलं, त्यामुळे समोरच्याचं डोकं आधी बघायच्या आणि तोंड मागून. तोयो हिराइवा त्यांच्याहून तीन वर्षांनी धाकट्या, त्याच चढावर साठ पायऱ्या खाली राहायच्या. दोघींचं जन्माचं सख्य आणि जन्माचं भांडण. ए.सी.खालचा बाक त्यांचा. फुसाएआजी मोठ्या टायपातल्या खुनाच्या कादंबऱ्या दिवसाला एक फस्त करायच्या, आणि परत करताना खुनी कोण ते तोयोआजींना सांगून टाकायच्या, म्हणजे त्यांना वाचायची सोय उरू नये.

बुधवारी, सहा तारखेला, त्या एक जाडजूड कादंबरी घेऊन गेल्या. "या खेपेला नाही सांगत खुनी," त्या तोयोआजींना म्हणाल्या, "तुझं तोंड बघवत नाही मला." चिसातो हसली होती. हे तिला नीट आठवत होतं, कारण तिने त्यांना पाहिलं ते तेव्हाच शेवटचं.

गुरुवारी तोयोआजी एकट्या आल्या आणि टेबलावर दोन कार्डं ठेवली. फुसाएचा गुडघा धरलाय, काल घरी जातानाच तिने आपलं कार्ड माझ्या हाती दिलंय, असं त्यांनी सांगितलं. चिसातो जरा थबकली. आल्याच नाहीत तर शिक्का कसा मारायचा, असं ती पुटपुटली.

"ताप आलेल्या पोराचं कार्ड आई घेऊन येते तेव्हा मारतेसच की," तोयोआजी म्हणाल्या. "मार गं पोरी. एक चौकोन रिकामा राहिला तर ती माझं डोकं खाईल."

यात खोटं काहीच नव्हतं. आजारी पोराच्या कार्डावर शिक्का मारायची गावाची रीतच आहे. नाही म्हणणं म्हणजे कोतेपणा, आणि पुन्हा ऐंशीच्या बाईला तोंडावर खोटं पाडणं. चिसातोने शिक्का मारला. संध्याकाळी कार्डांवरून वहीत गोल काढताना फुसाए इनागाकींच्या नावापुढेही गोल निघाला. पेन्सिल तिथे क्षणभर थांबली होती, हे चिसातोला नंतर रोज आठवत राहिलं. थांबली, आणि पुढे गेली.

शुक्रवारी भुतांच्या गोष्टी होत्या. साठ पोरं, खिडक्यांना काळे पडदे, एकजण भीतीने ओकलेला. तोयोआजींनी त्या गर्दीत दोन कार्डं पुढे सरकवली आणि चिसातोने मान वर न करता दोन शिक्के मारले. चारच्या सुमाराला फोन वाजला. नागोयाहून फुसाएआजींचा मुलगा नोरिओ बोलत होता. आई कालपासून फोन उचलत नाही, तिला ऐकू कमी येतं हे खरं, पण आज ती तिकडे आली होती का, एवढंच त्याला हवं होतं. चिसातोच्या एका हातात कागदाचं भूत होतं. दुसऱ्या हाताने फोन कानाला धरून तिने समोरच्या कार्डांकडे पाहिलं.

"हो, आल्यात की," ती म्हणाली. "शिक्का आहे आजचा."

त्याने मोठा श्वास सोडलेला तिला ऐकू आला. आभार मानून त्याने फोन ठेवला. शनिवारी तिसरा शिक्का पडला.

रविवारी सकाळी गॅसचा सिलिंडर बदलायला आलेल्या माणसाला वास आला. फुसाएआजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पडल्या होत्या, फोनपासून दोन हातांवर. ए.सी.चा रिमोट फळीवर, आणल्या दिवसाच्या प्लास्टिकमध्ये तसाच. बंद घर इतकं तापलेलं की नेमकं कधी गेल्या हे सांगणं कठीण, असं डॉक्टर म्हणाले. पडल्यावर लगेच गेल्या नसतील, कदाचित दिवसभर शुद्धीवर असतील, असंही म्हणाले. शेवटचं कुणी कधी पाहिलं ते विचारा, मग ठरवू. पोलीस ग्रंथालयात आला. त्या दिवशी चिसातोची सुट्टी होती. ग्रंथपाल नागासेंनी त्याला वही काढून दाखवली. शनिवार, नऊ तारीख, गोल. कागदावर लिहिलं गेलं: मृत्यू नऊ ऑगस्टच्या रात्री.

चिसातोला हे सोमवारी कळलं. ती तशीच उठून तोयोआजींकडे गेली. त्या उंबऱ्यात बसल्या होत्या, तिच्याकडे न बघता.

"शनिवारी तुम्ही त्यांना भेटला होतात ना, आजी?"

तोयोआजींनी उंबऱ्यावरची धूळ हाताने झाडली. मग म्हणाल्या, "गुरुवारी फोन केला. उचलला नाही. मला वाटलं, रुसली. बुधवारी मी तिला वाटेत बोलले होते, तुझं तोंड बंद राहील तर देव पावेल. साठ पायऱ्या गं, पोरी. ऊन किती होतं. म्हटलं, कार्ड भरलेलं दाखवलं की राग जाईल तिचा."

चिसातोला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, सगळा स्वतःवरच गेला. त्या ऐंशीच्या पुढच्या बाईने मैत्रिणीचा चौकोन भरला. वहीतला गोल मात्र चिसातोने काढला होता. दार ठोठावायला कुणी गेलं नाही ते त्या गोलामुळे. मुलगा निघाला नाही तो 'आल्यात की' या दोन शब्दांमुळे.

मंगळवारी तिने नागासेंना सगळं सांगितलं. नागासे नगरपालिकेतून निवृत्तीआधीची दोन वर्षं काढायला इथे आलेले, स्वभावाने वाईट नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. सप्टेंबरच्या पत्रकासाठी त्यांनी स्वतःच दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या: फुसाए-सान अखेरच्या दिवसापर्यंत हसतमुखाने ग्रंथालयात येत होत्या. तो कागद त्यांनी हळूच वहीखाली सरकवला.

"कुवाबारा-सान," ते म्हणाले, "गेलेली बाई परत येणार आहे का? तोयो-सानना अजून याच गावात राहायचंय. तुम्हालाही. मुलाला वाटतंय आई शनिवारपर्यंत मजेत होती. ते त्याच्याकडून काढून घेऊन त्याला काय देणार आहात?"

 झाकली मूठ म्हणतात ती हीच, आणि ती झाकून ठेवायला सगळे तयार होते, तीसुद्धा थोडीशी. घरी जाऊन ती झोपली नाही असंही नाही. झोपली, आणि उठल्यावर तिला शरम वाटली.

चौदा तारखेला नोरिओ आला. ओबोनचे दिवस, पितरांच्या वाटेवर घराघरासमोर दिवे लागलेले. काळा सूट, हातात मिठाईचा डबा, आणि आईने नेलेली कादंबरी परत करायला आणलेली. अठ्ठावन्नचा माणूस, चेहरा फुसाएआजींचा. त्याने वाकून आभार मानले. आईचे शेवटचे दिवस तुमच्यामुळे चांगले गेले, म्हणाला. तोयो-साननी अंत्यविधीला तिचं कार्ड आणून दिलं, ते आता देव्हाऱ्यात ठेवलंय. आज दुपारी तिच्या नावाच्या स्मरणपाटीवर मृत्यूची तारीख कोरायला द्यायचीय. नऊ ऑगस्ट. आता दरवर्षी नऊला यावं लागेल, रजेचं बघावं लागेल.

चिसातोने पुस्तक उघडलं. खुणेची पट्टी एकतिसाव्या पानावर होती.

"उन्हामुळे वाचणं झालं नसेल तिला," नोरिओ म्हणाला.

दिवसाला एक कादंबरी संपवणारी बाई. बुधवारी रात्री एकतीस पानं, आणि मग पुढे काही नाही. पुस्तक चिसातोच्या हातात जड झालं. नागासे आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले होते.

"एक विचारू?" नोरिओ म्हणाला. "शनिवारी ती कुठे बसली होती? काही बोलली का?"

तो बाक समोरच होता. हात दाखवून 'तिथे' म्हणणं सोपं होतं. एक शब्द, आणि माणूस तो शब्द घेऊन नागोयाला गेला असता, आयुष्यभर जपून ठेवला असता. चिसातोने तोंड उघडलं सुद्धा.

"मी त्यांना शनिवारी पाहिलं नाही," ती म्हणाली. "शुक्रवारीही नाही. गुरुवारीही नाही. कार्ड आलं, त्यावर मी शिक्के मारले. बुधवारनंतर त्यांना कुणीच पाहिलं नाही."

 नोरिओला समजायला वेळ लागला, आणि समजत गेलं तसतसं त्याच्या तोंडावरचं पाहुण्याचं हसू एका बाजूने गळत गेलं.

"शुक्रवारी मी फोन केला होता."

"हो."

"तुम्हीच होतात?"

"हो. मीच म्हणाले, आल्यात की."

"गाडीची किल्ली हातात घेऊन बोलत होतो मी," तो म्हणाला. आवाज चढला नाही. "तुम्ही म्हणालात, आणि मी किल्ली परत खिळ्याला अडकवली. बायकोला म्हटलं, बघ, उगाच घाबरलो. आम्ही बाहेर जेवायला गेलो."

चिसातो वाकली, कपाळ टेबलाला टेकेपर्यंत. माफी मागितली का तिने? मागितली, पण ते शब्द तिच्या स्वतःच्याच कानांना थिटे वाटले. कार्ड कुणी आणलं होतं, असं त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली की ते टेबलावरच राहिलं होतं, दोष सगळा माझा.

"कार्ड तोयो-सानच्या पिशवीतून निघालं, अंत्यविधीला," नोरिओ म्हणाला. "खोटं नका बोलू आता. खरं बोलायला सुरुवात केलीय तर पुरं बोला."

मग तिने पुरं सांगितलं. साठ पायऱ्या, रुसवा, भरलेला चौकोन, वहीतला गोल. बाहेर पालिकेचा भोंगा सांगत होता की तापमान धोक्याचं आहे, म्हाताऱ्या माणसांनी जपावं. नोरिओने भोंगा संपेपर्यंत ऐकला. मग विचारलं, बुधवारी ती काय बोलली? चिसातोने सांगितलं. या खेपेला खुनी सांगत नाही, तुझं तोंड बघवत नाही. नोरिओच्या तोंडून हसल्यासारखा काहीतरी आवाज निघाला आणि तो खुर्चीवर बसला.  जाताना तारखेचं काही बोलला नाही. मिठाईचा डबा मात्र परत उचलून घेतला, आणि ते त्याने बरोबरच केलं.

चिसातोने पोलिसाकडे जाऊन लेखी दिलं. सप्टेंबरच्या पत्रकातल्या नागासेंच्या दोन ओळी तिने खोडल्या आणि त्या जागी लिहिलं की सात, आठ आणि नऊ ऑगस्टला इनागाकी फुसाए यांच्या कार्डावर त्यांना न पाहता शिक्के मारले गेले, ते मी मारले, कुवाबारा चिसातो. तोयोआजींचं नाव तिने घातलं नाही. घालायची गरजच उरली नव्हती. गाव लहान आहे, आणि अशा गोष्टीला पत्रकाची वाट बघावी लागत नाही. तोयोआजी दुकानात शिरल्या की लोक नुसते बोलायचे थांबायचे. ए.सी.खालच्या बाकावर कुणी बसेना.

सोळा तारखेला तोयोआजी आल्या नाहीत. सतरालाही नाहीत. संध्याकाळी वहीत दोन रिकामे चौकोन शेजारी शेजारी दिसले तेव्हा चिसातोने पालिकेला फोन केला नाही. शिक्का खिशात टाकला आणि ती स्वतः चढ चढली. सहा वाजून गेले तरी दगड पायाखाली तापलेले होते.

तोयोआजींच्या घराच्या खिडक्यांवरच्या फळ्या ओढून बंद केलेल्या होत्या. तिने दार वाजवलं, हाक मारली. पुन्हा मारली. आतून कसलीच हालचाल नाही.  तिने दोन्ही मुठींनी दार बडवलं.

"जिवंत आहे मी," आतून आवाज आला, अगदी जवळून, दाराला लागूनच. "लिही तुझ्या वहीत आणि जा."

"दार उघडा, आजी."

दार चार बोटं सरकलं. फटीतून एक हात बाहेर आला. हातात कार्ड होतं. पहिल्या पंधरा चौकोनांत, सोमवारची सुट्टी सोडून, कलिंगडाच्या फोडी होत्या, ओळीने.

चिसातोने कार्ड घेतलं नाही. हाताला हातही लावला नाही.

"तोंड दाखवा," ती म्हणाली. "बघितल्याशिवाय नाही मारणार."

हात तसाच राहिला. खालच्या रस्त्याने कुणीतरी गेलं, थांबलं, पुन्हा चालू लागलं. चिसातो उंबऱ्यावर बसली. ती उठणार नाही हे आत कळलं असावं, कारण शेवटी दार सरकलं. तोयोआजी जमिनीवरच बसलेल्या होत्या, केस सुटलेले, ओठांना कोरड पडलेली, अंगावर दोन दिवसांपूर्वीचाच झगा. त्यांनी मान वर केली आणि चेहरा चिसातोसमोर धरला.

"बघ," त्या म्हणाल्या. "नीट बघून घे. त्या दिवशी अशी चढून आली असतीस, तर तिचं तोंड दिसलं असतं तुला."

चिसातोने नीट पाहिलं. मग ती आत गेली, नळाचं पाणी भांड्यात घेतलं, आणि त्यांच्या ओठांना लावलं.